सत्तावीस आभार आणि एक नारळ

चहा ठेवलाय ना? मग बसा. पण आधी कबूल करा, मधे हसायचं नाही. शेवटी हसा, तो तुमचा हक्क आहे. मधे हसलात की माझी लिंक तुटते, आणि लिंक तुटली की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. खोटं वाटत असेल तर आमच्या मुरुम गावात कुणालाही विचारा.

माझ्या हातून झालेला घोटाळा नुसता झाला असता, तर मी तो केव्हाच पचवला असता. माणूस चुकतो, लोक आठ दिवस बोलतात, नवव्या दिवशी दुसरा कुणीतरी चुकतो. पण माझा घोटाळा टेप झाला. त्याची तबकडी निघाली. आता मी मेलो तरी तो वाजत राहणार.

मी मराठीचा मास्तर. मुरुमच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, पण लोक मला ओळखतात ते ‘आभार सर’ म्हणून. तालुक्यात कुठंही कार्यक्रम असो, शेवटचं आभारप्रदर्शन माझ्याकडं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, प्रमुख पाहुण्यासमोर लोक बसलेले असतात, आभारवाल्यासमोर उठलेले असतात. हाच तर फरक आहे. पब्लिकचा हात चपलेपर्यंत पोचायच्या आत माइक धरावा लागतो. तीन सेकंद मिळतात. एकदा माणसानं चप्पल पायात घातली, की त्याला ब्रह्मदेवसुद्धा परत खाली बसवू शकत नाही.

मागं चपलांची खुसफुस झाली की इकडं माझ्या तोंडातून ‘सन्माननीय व्यासपीठ’ आपोआप बाहेर पडतं. त्यात डोक्याचा काही संबंध नाही. आणि माझ्या तोंडून ‘सत्कार’ शब्द निघाला, की शाळेचा शिपाई लिंबराज शाल-नारळाचं ताट घेऊन कोपराशी हजर. एकतीस वर्षांत तो एकदाही उशिरा आला नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. शाळेत नवीन हेडमास्तर आले. ते मोबाइलात बघत ‘सर्वांचे आभार’ म्हणतात आणि बसतात. दोन शब्द! अरे, मंडपवाला? पाण्याचा जार देणारा? त्यांनी काय घोडं मारलंय? पण मला कुणी बोलवेना. दोन वर्षांत एक आभार नाही. शेवटी जेवण झालं की मी घरातच बायकोचे मानायला लागलो. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. चौथ्या दिवशी म्हणाली, “अहो, एक वेळ ताटात हात धुवा, पण हे बंद करा.”

अशात मुक्ताचा फोन आला. मुक्ता म्हणजे माझी भाची, उमरग्याच्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून पुण्याला गेली आणि तिथं ड्रम वाजवायला लागली. पाच जणांचा बँड आहे त्यांचा. लग्नाचा बँड नव्हे, फंक बँड. फंक म्हणजे काय हे मीही विचारलं होतं. ती म्हणाली, “मामा, ऐकताना मान आपोआप हलली पाहिजे. तेच फंक.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर त्यांना अल्बम काढायचा होता. जुनी गाणी घ्यायची, पण कॉम्प्युटरवर तुकडे जोडायचे नाहीत. पाचही जणांनी एकत्र बसून, हातानं, एका दमात वाजवायचं. आणि नुसती गाणी नाहीत, त्यांतले ब्रेकसुद्धा. हे ब्रेक म्हणजे काय, ते तिनं मला फोनवर दहा मिनिटं समजावून सांगितलं. मी काय केलं, सांगू? मी तेव्हा एका कागदावर आभाराची यादी करायला घेतली होती. ती बोलत होती आणि मी ‘सहा, खुर्च्यावाले’ असं लिहीत होतो. तिचं बोलणं संपल्यावर मी म्हणालो, “समजलं. सतरंज्या किती लागतील?”

त्यांना जागा पाहिजे होती आमच्या मुरुमची. बाजारपेठेमागं एक डाळमिल आहे, बरीच वर्षं बंद पडलेली. तिच्या गोदामात हाक मारली की आवाज भिंतीभिंतीला लागून गोल होऊन परत येतो. मुक्ता लहानपणी सुटीत आली की तिथं जाऊन ओरडायची. तो आवाज तिला अल्बममध्ये पाहिजे होता. मिलमालक माझा जुना विद्यार्थी, त्यानं लगेच किल्ली दिली.

आता यात मुक्ताचं काय पणाला लागलं होतं, तेही ऐका. आमचे दाजी, म्हणजे तिचे वडील, उमरग्यात खताचं दुकान चालवतात. त्यांनी सांगून टाकलं होतं, वर्षभरात हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी कर, नाहीतर पुण्याची खोली सोड आणि दुकानात बस. त्यात हे लोक जुन्या पद्धतीच्या रिळावर टेप करणार होते, आणि रीळ आणलं होतं एकच. पुसून पुन्हा वाजवू, ही भानगडच नाही. शेवटच्या गाण्यात मुक्ताचा एकटीचा ब्रेक होता, अर्ध्या मिनिटाचा. सहा महिने ती तो घासत होती.

माझ्याकडं काम एकच दिलं होतं. पन्नासेक माणसं जमवायची, कारण समोर जिवंत माणसं असली की वाजवायला जीव येतो म्हणे. आणि त्यांना गप्प बसवायचं. मी भीत भीत विचारलं, शेवटी आभाराचे दोन शब्द चालतील का? तिला काय वाटलं कोण जाणे, दया आली असावी. म्हणाली, “चालतील मामा. पण सगळं संपल्यावर. आमचे हात वाद्यांवरून निघाले की मनात दहा मोजा, मग बोला.”

दोन वर्षांनी आभार! मी रात्रभर यादी वाढवली. सत्तावीस नावं झाली.

रविवारी सकाळी गोदामात सतरंज्या पडल्या. मी फळा आणून त्यावर नियम लिहिले. खोकू नये. मोबाइल घरी ठेवावा. बांगड्यांचा आवाज करू नये. पत्र्याखाली कबुतरं बसायची, ती लिंबराजनं काठीनं हाकलली. एवढ्यात माकणीहून आमचे व्याही भगवानराव आले, खास कार्यक्रमासाठी. पहिल्या रांगेत बसले आणि घसा खाकरला. मी थांबलो. त्यांनी परत खाकरला. मी त्यांना हात जोडले आणि बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दिली.

मुलीच्या सासऱ्याला बाहेर बसवलं मी! पंगतीत ज्याला आधी वाढायचं, त्या माणसाला! बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी तिकडं बघायचंच सोडून दिलं. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. रेकॉर्डिंगवाला कानाला हेडफोन लावून बसला होता, त्यानं अंगठा दाखवला. मला भरून आलं.

आणि काय वाजवलं हो पोरांनी! बेसवाला निखिल, एक गिटारवाला, एक कीबोर्डवाला, एक सॅक्सोफोनवाला आणि मधे उंचावर आमची मुक्ता. गाणी ऐकलेलीच, पण अशी ऐकलेली नव्हती. दुसऱ्या गाण्याला लोकांच्या माना हलायला लागल्या. तिसऱ्याला लिंबराजची हलली, आणि त्याची मान तर एकतीस वर्षांत मला ‘हो’ म्हणायलासुद्धा कधी हलली नव्हती. गाणं संपलं की मी हात वर करून मनात दहा मोजायचो, मग हात खाली, मग टाळ्या. एक पान हललं नाही मधे. माझ्याइतकी शिस्त त्या मिलमध्ये मिल चालू असतानाही नसेल.

शेवटचं गाणं लागलं. चांगलं रंगात आलं. आणि अचानक निखिलनं बेसवरचा हात काढला. गिटारवाल्यानं काढला. कीबोर्डवाला मागं सरकला. सॅक्सोफोनवाल्यानं तर बाटली उघडून पाणी प्यायला सुरुवात केली.

हात निघाले म्हणजे संपलं. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. पण मुक्ता वाजवतच होती!

आता बघा, मी एकतीस वर्षं शाळेत लेझीम बसवलीय. लेझीम थांबते, पोरं सावधानमध्ये उभी राहतात आणि ढोलवालं पोरगं मात्र डोळे मिटून बडवत राहतं. दर वर्षी. त्याला भान राहत नाही. मग आपण सरळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हणजे चारचौघांत त्याची शोभा होत नाही. मला वाटलं, पोरगी तंद्रीत गेली. हिचे साथीदार पाणी प्यायलेत आणि हिला पत्ता नाही. टेप चालू आहे. सगळ्या जगाला कळणार की हिला गाणं संपलेलं कळलं नाही. माझा जीव कळवळला. खरं सांगतो, त्या क्षणी मी तिला वाचवायलाच उठलो.

चारापर्यंत मोजलं होतं, तेवढ्यात मागच्या रांगेत चपलांची खुसफुस झाली.

संपलं. पुढचं मी केलं नाही, माझ्याकडून झालं. मी कधी पुढं गेलो, मुक्ताच्या ड्रमवर टांगलेला माइक कधी धरला, मला आठवत नाही. मला ऐकू आला तो माझाच आवाज, आणि तो त्या गोदामात गोल फिरून परत येत होता. “सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित बंधू-भगिनींनो!”

लोक खाली बसले. इतक्या वर्षांत इतके पटकन कधी बसले नव्हते.

मुक्ताकडं बघून मी डोळ्यांनी खुणावलं, बस, झालं आता, मी सांभाळतो. ती मान जोरजोरात हलवत होती. नाही, नाही, नाही. पण फंकमध्ये मान हलतेच, हे तिनंच सांगितलं होतं! मला वाटलं, रंगात आहे, वाजवू दे. आभाराला पार्श्वसंगीत होईल. मी खिशातून यादी काढली.

मिलमालकांचे मानले. टाळ्या. खुर्च्यावाल्यांचे मानले. टाळ्या. पाण्याच्या जारवाल्यांचे, सतरंज्यांचे, कबुतरं हाकलणाऱ्या लिंबराजचे, दोन तास लाइट न घालवणाऱ्या वायरमनचे. प्रत्येक नावाला टाळ्या, आणि ड्रममुळं सगळ्या बरोबर ठेक्यात. माझंही बोलणं हळूहळू ठेक्यात यायला लागलं. “बाहेर बसून मोलाचं सहकार्य करणारे आमचे व्याही” असं मी म्हणालो, तर कडुनिंबाखालून आवाज आला, “व्हय, हाय म्या हितंच!” तोही ठेक्यात.

मी इतका रमलो की निखिलचं तोंड उघडं पडलंय, हे मला दिसलंच नाही. रेकॉर्डिंगवाल्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. मला वाटलं, भारावलाय.

ही मंडळी परत का वाजवत नव्हती, ते मला नंतर कळलं. ब्रेक म्हणजे गाण्याच्या मधे बाकीच्यांनी थांबायचं आणि एकट्यानं वाजवायचं. त्यांचं ठरलेलं होतं, मुक्तानं उजव्या हातातली काठी उंच धरली की चौघांनी एकदम उडी घ्यायची. ती अर्ध्या मिनिटातच धरणार होती. धरलीही असेल. पण मधे मी उभा. माझ्यामागं तिनं काठी काय, झेंडा धरला असता तरी त्यांना दिसला नसता. आणि त्यांच्यात नियम असा, की बाकीचे येईपर्यंत ब्रेकवाल्यानं थांबायचं नाही. थांबलं की गाणं मेलं, आणि रीळ एकच. म्हणून ती बिचारी वाजवत राहिली, मी मानत राहिलो.

सत्ताविसावं नाव झालं. मी यादीची घडी घातली आणि म्हणालो, “आता सत्कार.”

लिंबराज कोपराशी हजर. मी शाल उलगडली आणि मुक्ताच्या खांद्यांवर घातली. वाजवताना! तिचा उजवा हात शालीत गेला. ती डाव्या हातानं वाजवायला लागली. मग शालीसकट उजव्यानं. आवाज थोडा मऊ झाला, पण ठेका हलला नाही. आता श्रीफळ. तिचे दोन्ही हात कामात, मग द्यायचं कुणाच्या हातात? मी म्हटलं, राहू दे इथंच, आणि नारळ तिच्या मोठ्या ड्रमवर ठेवला.

ड्रमवर नारळ ठेवू नये. कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नसलं तरी मी सांगतो, ठेवू नये. तो एकदा उडाला, दोनदा उडाला, तिसऱ्यांदा पितळेच्या मोठ्या झांजेवर आपटला आणि खाली गडगडला. असा आवाज झाला की बाहेर भगवानराव खुर्चीवरून उठले. आणि चौघांना वाटलं, हाच इशारा! चौघंही एकदम तुटून पडले. गाणं असं काही उसळलं, की मी दोन पावलं मागं येऊन सतरंजीवर बसलो.

मला वाटलं, वन्स मोअर आहे. मी माझ्याच आभाराला मिळालेला वन्स मोअर समजून मान हलवत बसलो. यापेक्षा जास्त काय सांगू?

गाणं संपलं, रिळाचं टोक फडफडलं. मी हात वर केला, दहा मोजले, हात खाली केला. टाळी फक्त माझी वाजली. मुक्ता खाली उतरली. तिनं शाल काढली, नीट चौघडी घातली आणि माझ्या हातात दिली. तिच्या कपाळावरून घाम टपकत होता.

“मामा, तो माझा ब्रेक होता,” ती म्हणाली. “गाणं चालू होतं.”

एवढंच. आणि वाद्यांच्या टेंपोत जाऊन बसली. मघाशी हसू नका म्हणालो ना, ते यासाठी. त्या दिवशी मला माझीच किळस आली. पोरीनं सहा महिने घासलेलं अर्धं मिनिट, आणि मी त्यात खुर्च्यावाले भरले. घरी जाताना भगवानराव शेजारून चालत होते. खाकरले. म्हणाले, “सर, एका खाकरण्यापायी मला भायर बसिवलात. तुमाला कुठं बसवावं?”

दोन महिने मुक्ताचा फोन नाही. मी केला की ती उचलेना. यादीचे कागद मी चुलीत घातले. बायकोनं एकदा आपण होऊन विचारलं, आज जेवणाचे आभार नाहीत का? मी नाही म्हणून मान हलवली.

मग एक दिवस पार्सल आलं. काळी तबकडी. आणि तिच्यामागोमाग मुक्ताचा फोन. म्हणाली, त्यांनी ती टेप इतक्या वेळा ऐकली की गणतीच नाही. कापून टाकावं म्हटलं तर गोदामाच्या त्या घुमण्यामुळं माझा आवाज आणि तिचे ड्रम वेगळे होईनात. आणि अर्ध्या मिनिटाच्या जागी तिनं साडेचार मिनिटं वाजवलं होतं, शाल अंगावर घेऊन, एक मात्रा न चुकता. “आपल्याला एवढं येतं, हे मलाच माहीत नव्हतं मामा,” ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, “पण परत येऊ नका.”

दाजींनी तबकडी हातात धरून बघितली, उलटीसुलटी केली आणि दुकानात फवारणी पंपांच्या वर खिळ्याला टांगली. खोली सुटली नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि मला वाटलं, प्रकरण मिटलं.

कसलं मिटतंय? ब्रेक हा तबकडीवरून कापून डीजेवाल्यांनी पुन्हा पुन्हा वाजवायचाच प्रकार असतो म्हणे, हेही मी यादी करताना ऐकलं नव्हतं. येडशीला एका लग्नाला गेलो. वरातीत डीजे लागला आणि त्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून मीच बाहेर आलो. “खुर्च्यावाल्यांचे, खुर्च्या, खुर्च्या, खुर्च्यावाल्यांचे!” चारशे माणसं नाचत होती. मधोमध भगवानराव. त्यांचा ‘व्हय, हाय म्या हितंच’ आला की ते दोन्ही हात वर करायचे आणि पब्लिक त्यांना उचलायचं. मला कुणी ओळखलंसुद्धा नाही.

परवा शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला. म्हणाले, “सर, गॅदरिंग हाय. आभाराला तुमी पायजेत.” माझा विश्वास बसेना. मी कोट इस्त्रीला दिला, लिंबराजला निरोप धाडला, नवी यादी केली. एकतीस नावं झाली. दारातच हेडमास्तर म्हणाले, “कागद ठेवा सर. आभार तबकडीवरले लावणार हावोत. लोक नाचायलेत त्याच्यावर, उठून कुणी जाईना झालंय. तुमी निस्ता नारळ टाका. तेवढं लाइव्ह असलं की बरं दिसतंय.”

काय करता? टाकला. लिंबराजनं ताट वेळेवर आणलं, मी स्टेजवर मुद्दाम मांडलेल्या झांजेवर नेम धरून नारळ सोडला. पण वय झालं हो, अर्धा ठेका उशीर झाला. लोक टाळ्या वाजवायचे थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले.

खाली उतरल्यावर हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “न्हाय जमलं तर ऱ्हाऊ द्या सर. पुढच्या वर्षी नारळबी तबकडीवरलाच ठिवू.”